हॉर्मोनच्या तपासणीआधी आम्ही पाळीची तारीख का विचारतो?

आमच्या प्रयोगशाळेत स्त्रियांच्या हॉर्मोनच्या तपासणीसाठी रक्त घेण्याआधी शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, हे आम्ही हमखास विचारतो. काहींना हा प्रश्न नको तितका खासगी वाटतो, तर काही जणी अंदाजे तारीख सांगून मोकळ्या होतात. परंतु या तारखेशिवाय रिपोर्टवरील आकड्याचा अर्थ डॉक्टरांना नीट लावता येत नाही. प्रोजेस्टेरॉन, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडल्यावर वाढणारे हॉर्मोन, प्रति मिलिलिटर ०.८ नॅनोग्रॅम आले आणि तो पाळीचा तिसरा दिवस असेल, तर त्यात काहीही वावगे नाही. तोच आकडा पुढची पाळी येण्याच्या आठवडाभर आधी आला, तर त्या महिन्यात स्त्रीबीज बाहेर पडले नसावे, अशी शंका घ्यावी लागते.

दिवस कसे मोजावेत, ते आधी पाहू. रक्तस्राव व्यवस्थित सुरू होतो तो पहिला दिवस. त्याआधी एखाद-दोन दिवस नुसते डाग लागत असतील, तर ते मोजू नयेत. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंतचा काळ म्हणजे एक चक्र, आणि प्रौढ स्त्रियांमध्ये २१ ते ३५ दिवसांचे चक्र सर्वसाधारण मानले जाते. २८ हा आकडा सर्वांच्या तोंडी असला, तरी तो केवळ सोयीचा आहे. आपले चक्र ३२ दिवसांचे असेल, तर त्यात काही बिघाड आहे असे समजू नये.

महिनाभरात काय घडते

या चक्राचा कारभार मेंदूतून चालतो. हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग थोड्या थोड्या वेळाने एक संदेश सोडतो आणि त्यानुसार पिट्युटरी ग्रंथी एफएसएच व एलएच ही दोन हॉर्मोन रक्तात पाठवते. पाळीच्या सुरुवातीला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही तळाशी असतात. त्यांचा दाब नसल्यामुळे एफएसएच किंचित वाढते आणि अंडाशयातील काही फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीज असलेल्या सूक्ष्म पिशव्या, वाढीला लागतात. आठवडाभरात त्यांपैकी बहुधा एकच पुढे निघून जाते. ते इस्ट्रोजेन तयार करू लागते, त्यामुळे एफएसएच पुन्हा उतरते आणि मागे पडलेली फॉलिकल सुकून जातात. पुढे गेलेल्या फॉलिकलने तोवर एफएसएचला प्रतिसाद देण्याची आपली क्षमता वाढवलेली असल्यामुळे कमी झालेल्या पुरवठ्यावरही ते रोज सुमारे २ मिलिमीटरने वाढत राहते.

यापुढे जे घडते ते आम्हाला या साऱ्या प्रक्रियेतले सर्वांत विलक्षण वाटते. इतके दिवस इस्ट्रोजेन पिट्युटरीला आवर घालत असते. सुरुवातीला २० ते ८० पिकोग्रॅमच्या आसपास असलेले एस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचे मुख्य रूप, जेव्हा २०० पिकोग्रॅमच्या वर जाते आणि सुमारे दोन दिवस तेथेच टिकते, तेव्हा त्याचा परिणाम नेमका उलटतो : पिट्युटरी आवरण्याऐवजी उसळते आणि एलएच काही तासांत अनेक पटींनी वाढते. ही उसळी सुरू झाल्यापासून साधारण ३४ ते ३६ तासांनी फॉलिकल फुटून स्त्रीबीज बाहेर येते. घरी लघवीवर करावयाच्या ज्या पट्ट्या मिळतात, त्या हीच उसळी पकडतात. म्हणून पट्टीवर खूण उमटली म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडले असे नव्हे, तर ते आता पडण्याची शक्यता आहे, इतकेच समजावे. (ज्या मात्रांविषयी आपण बोलत आहोत त्या किती सूक्ष्म आहेत पाहा : एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.)

फुटलेल्या फॉलिकलचे काम येथे संपत नाही. त्याचेच पिवळसर पिंडात रूपांतर होते, ज्याला कॉर्पस ल्युटियम म्हणतात, आणि तेथून प्रोजेस्टेरॉन मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागते. इस्ट्रोजेनमुळे जाड झालेले गर्भाशयाचे अस्तर प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भ रुजण्यायोग्य होते, आणि शरीराचे सकाळचे तापमानही ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर साधारण सातव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन शिखरावर असते. गर्भधारणा झाली, तर गर्भाकडून येणारे एचसीजी हे हॉर्मोन या पिंडाला जगवते. ती झाली नाही, तर १२ ते १४ दिवसांत पिंड आकसतो, दोन्ही हॉर्मोन घसरतात, अस्तर गळून पडते आणि पाळी येते.

नमुना कोणत्या दिवशी द्यावा

एफएसएच, एलएच आणि एस्ट्राडिओल यांसाठी डॉक्टर सहसा पाळीचा दुसरा ते चौथा दिवस सांगतात, कारण त्या वेळी अंडाशय सर्वांत शांत असते. यांपैकी एफएसएच एकटे करू नये, असे आमचे मत आहे. एखादे फॉलिकल वेळेआधीच वाढू लागले असेल, तर एस्ट्राडिओल चढलेले असते आणि त्याच्या दाबाखाली एफएसएच वरवर उत्तम दिसते. दोन्ही आकडे शेजारी असले तरच ही फसगत लक्षात येते.

प्रोजेस्टेरॉनबाबत सर्वाधिक घोटाळा ‘एकविसावा दिवस’ या सूचनेमुळे होतो. ती सूचना २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. चक्राचा उत्तरार्ध बऱ्याच अंशी ठरावीक असतो, कमी-जास्त होतो तो पूर्वार्ध. त्यामुळे ३५ दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीचे स्त्रीबीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडते. तिने त्याच दिवशी रक्त दिले, तर प्रोजेस्टेरॉन कमी येणारच, आणि काहीही दोष नसताना चिंता व कदाचित उपचारही मागे लागतील. तिने अठ्ठाविसाव्या दिवशी यावे. नियम सोपा आहे : पुढची पाळी अपेक्षित असेल त्याच्या सात दिवस आधी. नमुना दिल्यानंतर पाळी प्रत्यक्षात कधी आली, तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण दिवस बरोबर होता की नाही हे त्यावरूनच पक्के कळते. ३ नॅनोग्रॅमच्या वरचा आकडा स्त्रीबीज बाहेर पडल्याचे दर्शवतो. मात्र हे हॉर्मोन लाटांनी स्रवते आणि एकाच दिवसात त्यात मोठा चढउतार होतो, म्हणून १२ आणि १८ यांची तुलना करून काळजी करत बसू नये.

अंडाशयातील स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे एएमएच आणि थायरॉइडसाठीचे टीएसएच पाळीच्या कोणत्याही दिवशी चालते. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरचे दूध तयार करणारे हॉर्मोन, झोप, धावपळ आणि ताण यांमुळे वाढते. त्यासाठी उठल्यानंतर काही तासांनी यावे आणि नमुना देण्याआधी थोडा वेळ स्वस्थ बसावे.

गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतलेल्या गोळ्या चालू असतील, तर वर वर्णिलेले नैसर्गिक चढउतार दिसत नाहीत. अशा गोळ्यांची माहिती फॉर्मवर लिहावी, पण तपासणीसाठी म्हणून त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांतील बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असेल, तर काही यंत्रांवरील आकडे खोटेच वर किंवा खाली दाखवले जातात, म्हणून त्यांचाही उल्लेख करावा. दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट शेजारी ठेवताना एकक तपासावे : प्रोजेस्टेरॉनचा १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे ३.२ नॅनोमोल प्रति लिटर, आणि केवळ या फरकामुळे घाबरून आमच्याकडे येणाऱ्या स्त्रिया कमी नाहीत.

पंचेचाळिशीनंतर पाळी अनियमित होऊ लागली, तर एकदा केलेल्या एफएसएचवर फारसे विसंबू नये. या काळात ते एका महिन्यात खूप वर, तर पुढच्या महिन्यात पूर्ववत असू शकते. रजोनिवृत्ती ठरते ती सलग १२ महिने पाळी न आल्यावरून, आणि या वयात त्यासाठी रक्त तपासण्याची बहुधा गरजच नसते, हे आम्ही प्रयोगशाळा चालवत असूनही स्पष्टपणे सांगू इच्छितो. पाळी चाळिशीच्या आतच थांबली असेल, तर मात्र वाट पाहू नये. डॉक्टरांना दाखवून तपासणी वेळीच करून घ्यावी.