भारतातील स्त्री-मताधिकार चळवळ

कायदेमंडळांच्या निवडणुकांत पुरुषांच्या बरोबरीने मत मिळावे, यासाठी भारतीय स्त्रियांनी ब्रिटिश अमदानीत चालवलेली चळवळ. तिचा संघटित काळ १९१७ पासून धरतात. १९५० मध्ये संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने सार्वत्रिक प्रौढ मताधिकार दिला आणि तिची मुख्य मागणी पूर्ण झाली. स्वातंत्र्य आले आणि त्याच्याबरोबर बायकांना मत आपसूक मिळाले, असे सर्रास म्हटले जाते. त्याआधीची तीसेक वर्षांची सभा, निवेदने आणि साक्षींची खटपट त्या वाक्यात गडप होते. शिवाय भांडण केवळ मत द्यावे की नको एवढ्याचे नव्हतेच. बाईला मत मिळणार ते तिचे स्वतःचे म्हणून, की कुणाची तरी बायको म्हणून, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत उभा होता.

मद्रासचे शिष्टमंडळ. १९१७ च्या मे महिन्यात मद्रासजवळ अड्यार येथे विमेन्स इंडियन असोसिएशन ही संस्था निघाली. ॲनी बेझंट तिच्या पहिल्या अध्यक्ष होत्या. संस्थेमागचा खरा हात मार्गारेट कझिन्स यांचा. या आयरिश बाई मताधिकाराच्या लढ्यात लंडनच्या हॉलोवे तुरुंगात जाऊन आल्या होत्या आणि १९१५ मध्ये भारतात आल्या. ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री माँटेग्यू राजकीय सुधारणांची चाचपणी करायला हिंदुस्थानात येणार म्हटल्यावर कझिन्स यांनी भेटीची वेळ मागितली, ती मुख्यतः स्त्रीशिक्षणाचे गाऱ्हाणे घालण्यासाठी. उत्तर आले की, फक्त राजकीय विषयांवरची शिष्टमंडळे भेटतील. मग निवेदनात मताची मागणी घातली गेली. एका अर्थी सरकारी नियमानेच या मागणीला वाट करून दिली, असे म्हणायला हरकत नाही.

डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली हे शिष्टमंडळ मद्रासला माँटेग्यूंना भेटले. निवेदनातला मुद्दा साधा होता: नव्या योजनेत ‘लोकां’ना मत देणार असाल, तर ‘लोक’ या शब्दात बायकाही धरा.

साउथबरो समिती आणि मुंबईची धडपड. मताधिकार कुणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने १९१९ मध्ये स्त्रियांना वगळले. इथला समाज अजून त्याला तयार नाही, पडदा पाळणाऱ्या बायका मतदानाला येणार कशा, असा तिचा सूर होता. ज्या बायका मत मागत होत्या त्यांच्या म्हणण्यापेक्षा, ज्या मागत नव्हत्या त्यांच्या कल्पित संकोचाला समितीने जास्त वजन दिले.

मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन या दोघी त्याच वर्षी लंडनला गेल्या. हिराबाईंना या विषयाची गोडी कशी लागली, त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९११ मध्ये काश्मीरला सुटीत असताना त्यांची गाठ महाराजा रणजितसिंगांची नात सोफिया दुलीपसिंग यांच्याशी पडली. सोफिया इंग्लंडमध्ये वाढलेल्या, तिथल्या मताधिकाराच्या लढ्यात उतरलेल्या आणि ‘मत नाही तर कर नाही’ म्हणून दागिने जप्त करवून घेतलेल्या. त्यांच्या अंगावर ‘स्त्रियांना मत द्या’ अशा अर्थाची अक्षरे असलेला एक छोटा बिल्ला होता. हे काय म्हणून हिराबाईंनी विचारले, आणि तिथून पुढचे सगळे सुरू झाले. लंडनमध्ये मायलेकींनी खासदारांच्या भेटी घेतल्या, संसदीय समितीपुढे बाजू मांडली, सभांमधून भाषणे केली. मिठन तिथेच राहून बॅरिस्टर झाल्या आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या.

१९१९ च्या कायद्याने स्त्रियांना मत दिले नाही, पण दारही लावून घेतले नाही: प्रांतिक कायदेमंडळांना वाटल्यास त्यांनी ठराव करून लिंगभेदाची अट काढावी. लंडनने आपल्या अंगावरचे ओझे प्रांतांवर ढकलले असे तेव्हा अनेकांना वाटले, पण चळवळीच्या ते पथ्यावर पडले. १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई या दोन इलाख्यांनी ठराव मंजूर केले. मुंबई इलाख्यात या कामाला सेवासदनच्या रमाबाई रानडे यांच्यासारख्यांचे पाठबळ होते. बंगालने त्याच वर्षी ठराव फेटाळला आणि १९२५ मध्ये मंजूर केला. बिहार-ओरिसाला १९२९ उजाडले.

मालमत्तेची मेख. ठराव झाले, तरी मतदारयाद्या फारशा फुगल्या नाहीत. मत मालमत्तेवर किंवा भरलेल्या करावर ठरत होते, आणि जमीन, घर, सातबारा सगळे पुरुषांच्या नावावर. कायद्यातली लिंगाची अट गेली, पण वारसाहक्काने घातलेली अट जागच्या जागी राहिली. मताधिकाराची मागणी करणाऱ्या बायका पुढे मालमत्तेच्या आणि विवाहाच्या कायद्यांकडे वळल्या, त्यामागे हा अनुभव होता.

कायदेमंडळात बसण्याचा हक्क मताच्या मागून, १९२६ च्या सुमारास आला. त्या वर्षी मद्रासमध्ये कमलादेवी चट्टोपाध्याय निवडणुकीला उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी पडल्या. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची मद्रास कायदेमंडळावर नेमणूक झाली आणि १९२७ मध्ये सभागृहाने त्यांना उपाध्यक्ष निवडले. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. ते शिक्षणाच्या प्रश्नावर होते, पण दोन-चार वर्षांतच ही परिषद मताधिकाराच्या वादात अग्रभागी आली.

बायको म्हणून मत. १९३० नंतर नव्या घटनेची बोलणी सुरू झाली तेव्हा सरकारपुढे अडचण होती की, मालमत्तेची अट ठेवली तर स्त्री-मतदार नगण्य राहणार. उपाय निघाला तो असा: नवऱ्याकडे मताला पुरेशी मालमत्ता असेल तर त्याच्या बायकोलाही मत द्यावे. जोडीला थोड्या राखीव जागा. सरकारच्या दृष्टीने ही उदार तडजोड होती. महिला परिषद, विमेन्स इंडियन असोसिएशन आणि नॅशनल कौन्सिल ऑफ विमेन या तिन्ही संघटनांनी १९३१ मध्ये एकत्र निवेदन देऊन ती नाकारली. मागणी एकच: सरसकट प्रौढ मताधिकार, राखीव जागाही नकोत. लग्नामुळे मिळणारे मत म्हणजे नवऱ्याच्या मताची दुसरी प्रत, असा हा आक्षेप होता. सगळ्याच जणी त्याच्याशी सहमत नव्हत्या. गोलमेज परिषदेला गेलेल्या राधाबाई सुब्बरायन आणि बेगम शाहनवाझ यांना राखीव जागा व्यवहार्य वाटत होत्या. निदान तेवढे तरी पदरात पाडून घ्या, हे त्यांचे म्हणणे सभांमध्ये टाळ्या घेणारे नसले तरी उडवून लावण्यासारखेही नव्हते.

१९३५ च्या कायद्यात सरकारने आपलेच खरे केले. सुमारे ६० लाख स्त्रियांना मत मिळाले, त्यात मोठा भाग बायको या नात्याने मिळालेला. राखीव जागाही आल्या. १९३७ च्या निवडणुकांनंतर विजयालक्ष्मी पंडित संयुक्त प्रांतात मंत्री झाल्या.

राखीव जागा नकोत ही भूमिका मुख्यतः शिकलेल्या, वरच्या थरातल्या स्त्रियांची होती, हे नोंदवले पाहिजे. जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य महिलांची परिषद भरली. डॉ. आंबेडकर तिला उपस्थित होते. तिथे घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी यांच्याबरोबर प्रतिनिधित्वासाठी राखीव जागांचीही मागणी झाली. ज्यांना दोन्ही बाजूंनी दार बंद होते त्यांना ‘बरोबरीने लढू’ हे वाक्य पुरेसे वाटण्याचे कारण नव्हते. उलट संविधान सभेत डिसेंबर १९४६ मध्ये हंसा मेहता यांनी, आम्ही राखीव जागा मागितलेल्या नाहीत, आम्हाला न्याय हवा आहे, ही जुनी भूमिका पुन्हा मांडली. संविधान सभेच्या पंधरा स्त्री सदस्यांत दाक्षायणी वेलायुधन या एकट्याच दलित होत्या. पुढे हाच वाद फिरून आला: १९९० च्या दशकात पंचायतींमध्ये आणि २०२३ च्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी ठेवण्याची तरतूद झाली. यातली लोकसभा-विधानसभांची तरतूद जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला जोडलेली आहे.

पहिली मतदारयादी. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लाख नावांच्या याद्या झाल्या. त्यात जवळपास ८ कोटी स्त्रिया असायला हव्या होत्या. पण नावे लिहिणारा कारकून दारात उभा राहिला, की अनेक घरांतून उत्तर यायचे: अमक्याची बायको, तमक्याची आई. परक्या माणसाला बाईचे नाव सांगायचे नाही, अशी रीत. कारकुनांनी ऐकले तसे लिहून घेतले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत, मतदाराची नोंद स्वतःच्याच नावाने झाली पाहिजे, असा निर्णय दिला. बिहारमध्ये नावे सुधारून घ्यायला एक महिना वाढवून दिला. तरीही खरे नाव न कळल्यामुळे देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी काढून टाकाव्या लागल्या. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांतल्या होत्या.

सेन यांच्यावर तेव्हा टीका झाली: हातात आलेले मत एका नियमापायी गेले. पण १९३१ च्या निवेदनाशेजारी ठेवून पाहिला, तर हा नियम त्याच बायकांच्या मागणीचा होता.