रूट कॅनाल झालेल्या दाढेच्या मुळाशी काळा डाग राहिला असेल तर

दुसऱ्याच दातासाठी एक्स-रे काढला जातो आणि डॉक्टर सांगतात, "काही वर्षांपूर्वी रूट कॅनाल केलेल्या त्या दाढेच्या मुळाशी अजून डाग दिसतोय." दाढ तर अजिबात दुखत नसते. मग कुणी म्हणतं, आधीच्या डॉक्टरांनी काम बिघडवलं. कुणी म्हणतं, काढूनच टाका ती दाढ. आमच्या दवाखान्यात दर आठवड्याला हे दोन्ही ऐकू येतं, आणि दोन्ही बोलण्यांत घाई असते. म्हणून हे पत्रक.

एक्स-रेवर हाड पांढुरकं दिसतं. मुळाच्या टोकाशी जेवढं हाड विरलं असेल तेवढी जागा काळी दिसते. हाड विरतं ते दाताच्या आतल्या जंतूंमुळे. 1965 साली अमेरिकेत जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दातांची नस मुद्दाम उघडी केली, तरी मुळाशी दुखणं झालं नाही. साध्या उंदरांना ते झालं. रूट कॅनालमागचा सगळा हिशोब एवढाच आहे: आतले जंतू काढा, मुळी साफ करून नीट बंद करा, मग हाड आपलं आपण भरतं.

मात्र ते सावकाश भरतं. बहुतेकांचा डाग वर्षभरात लहान होऊ लागलेला दिसतो. पूर्ण जायला काहींना चार वर्षं लागतात. नॉर्वेमधल्या दंतवैद्यांनी रूट कॅनाल झालेले रुग्ण 20 ते 27 वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा इतक्या उशिरा भरून आलेले डागही सापडले. म्हणून सहा महिन्यांच्या एका एक्स-रेवरून आम्ही कुणाचंही रूट कॅनाल "फेल" ठरवत नाही.

खरी गोष्ट कळते ती दोन एक्स-रे शेजारी ठेवल्यावर. मध्यंतरी एक काकू खालची दाढ काढायची असंच ठरवून आल्या होत्या. घरी शोधायला लावल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत जुनी फिल्म निघाली. तिच्यात डाग मसुरीच्या दाण्याएवढा होता. आम्ही काढलेल्या फोटोत तो मोहरीएवढा उरला होता, आणि मुळाच्या कडेने केसासारखी बारीक काळी रेघ पुन्हा उमटू लागली होती. ती रेघ म्हणजे दाताला हाडाशी बांधून ठेवणारा पडदा. ती परत दिसणं ही बरं होत असल्याची खूण. त्या दाढेला आम्ही हातही लावला नाही. पुढच्या वर्षी फोटोला या, एवढंच सांगितलं.

सगळ्यांचं असं होत नाही. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या मुळांत बहुतेकदा नसेची चौथी, अगदी बारीक नळी असते. ती हाती लागली नाही तर जंतू तिथेच राहतात. कॅप सैल झाली किंवा फिलिंग कडेने उघडं पडलं, की लाळेबरोबर नवे जंतू आत शिरतात. हे कारण आम्हाला फार वेळा दिसतं, आणि "रूट कॅनाल झालंय, कॅप नंतर बघू" म्हणणाऱ्यांना ते आवर्जून सांगतो. कधी मुळाला उभी चीर गेलेली असते. क्वचित आतलं सगळं शांत झालेलं असतं, फक्त हाडाऐवजी जखमेच्या व्रणासारखं मांस भरतं. तेही एक्स-रेत काळंच दिसतं. मधुमेह ताब्यात नसेल किंवा तंबाखू-सिगारेट चालू असेल, तर भरून येण्याचा वेगही कमी पडतो.

राहिलेल्या डागाचं पुढे काय होतं? सिंगापूरमध्ये अशाच दातांचा मागोवा घेतला गेला. 20 वर्षांच्या काळात एकदम ठणका लागून किंवा सूज येऊन उचल खाण्याचं प्रमाण सुमारे 5.8 टक्के निघालं. अधूनमधून सौम्य दुखण्याचं प्रमाण मात्र 40 टक्के होतं. म्हणजे मोठं दुखणं क्वचितच उद्भवतं, पण दात कायमचा गप्प बसेल असंही नाही. काही डाग न दुखता हळूहळू वाढतात. म्हणून वर्षातून एकदा फोटो काढाच.

"नस काढली तरी दुखतं कसं?" हा नेहमीचा प्रश्न. थंड-गरम लागायचं ते नसेमुळे, ते थांबतं. चावताना दुखतं ते मुळाभोवतीच्या पडद्यात, आणि तो पडदा जिवंत असतो.

दुखलं की मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणू नका. नस गेलेल्या मुळीत रक्तच पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? सूज उतरते, जंतू राहतात.

डाग शांत आणि लहान होत असेल तर आम्ही थांबतो. वाढत असेल, हिरडीवर पू येणारी पुळी असेल, किंवा त्या दाढेवर नवी कॅप करायची असेल, तर आधी रूट कॅनाल पुन्हा करणं बरं. आत पोस्ट (कॅपला आधार म्हणून मुळात बसवलेला खिळा) बसवलेला असेल तर तो काढताना मूळ तडकण्याचा धोका असतो. अशा वेळी हिरडीतून जाऊन मुळाचं टोक कापून बंद करण्याची छोटी शस्त्रक्रिया सुचवतो. मुळाला उभी चीर असेल तर दाढ काढण्यावाचून बहुधा मार्ग उरत नाही, आणि ते आम्ही स्पष्ट सांगतो.

चेहऱ्यावर सूज येऊन ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर आमच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. लगेच मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा.

आमच्याकडे येताना जुने एक्स-रे, मोबाइलमधले त्यांचे फोटोसुद्धा, आणि चालू औषधांची चिठ्ठी आणा. हृदयाची झडप बदललेली असेल तर फोनवरच सांगा. कॅप निघाली असेल तर ती कागदात गुंडाळू नका, कचऱ्यात जाते. छोट्या डबीत घालून आणा.