छिंगमिंग

छिंगमिंग : पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करून त्यांना नैवेद्य दाखवण्याचा आणि त्याच दिवशी वसंतातल्या हिरवळीवर भटकायला जाण्याचा चिनी सण. ‘छिंग’ म्हणजे निर्मळ, ‘मिंग’ म्हणजे लख्ख.

चीनचे बहुतेक जुने सण चांद्र तिथींवर चालतात, छिंगमिंग मात्र सूर्याच्या गतीवर. सौर वर्षाच्या २४ भागांपैकी हा पाचवा. वसंतसंपातानंतर साधारण १५ दिवसांनी तो लागतो. त्यामुळे आपल्या संक्रांतीसारखी त्याचीही तारीख फारशी हलत नाही. ४ किंवा ५ एप्रिल. मुळात ही शेतकऱ्याची खूणगाठ होती. ‘छिंगमिंगच्या आगेमागे भोपळे लावा, शेंगा टोका’ अशा अर्थाची म्हण चीनमध्ये अजून ऐकू येते.

थडग्यांचा विधी त्याला चिकटला तो शेजारच्या ‘हानशी’ या सणामुळे. हानशी म्हणजे थंड अन्न. त्या दिवशी चूल पेटत नसे. त्यामागची कथा इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातली सांगतात. परागंदा राजपुत्र छोंग-अर उपाशी असताना ज्ये झितुई या सेवकाने स्वतःच्या मांडीचे मांस शिजवून त्याला खाऊ घातले. पुढे राज्य मिळाल्यावर राजाला त्याचा विसर पडला. आठवण झाली तेव्हा झितुई आईसह डोंगरातल्या रानात जाऊन राहिला होता. त्याला बाहेर काढण्यासाठी राजाने रान पेटवले. मायलेक आत जळून गेले. पश्चात्तापाने राजाने त्या दिवसापुरता विस्तव बंद केला. कथा हृद्य आहे, पण दरवर्षी जुना अग्नी विझवून नवा पेटवण्याची चाल तिच्याहून जुनी असावी. इ. स. ७३२ मध्ये तांग सम्राट श्वानझोंगने हानशीच्या दिवशी थडग्यांवर जाण्याला राजमान्यता दिली. कालांतराने हानशी छिंगमिंगमध्ये विरून गेला.

थडगी झाडण्याला ‘साओ-मू’ म्हणतात. दक्षिण चीनमध्ये जुनी थडगी बहुधा डोंगरउतारावर असतात, म्हणून झाडूबरोबर कोयताही न्यावा लागतो. वर्षभरात माजलेले गवत कापायचे, शिळेवरची पुसट झालेली अक्षरे कुंचल्याने पुन्हा रंगवायची. मग कोंबडी, फळे, दारूचे छोटे पेले मांडायचे. ग्वांगडोंगकडे खरपूस भाजलेले अख्खे डुकरू. उदबत्त्या लावून नमस्कार झाले की मृतांसाठी कागदी पैसे जाळतात. हाँगकाँगच्या दुकानांत प्रचंड रकमेच्या ‘पाताळ बँके’च्या नोटा मिळतात, शिवाय कागदी मोबाइल आणि मोटारीसुद्धा. काही कागद दगडाखाली दाबून थडग्यावरच ठेवायचे. ते दिसले की येणाऱ्याजाणाऱ्याला कळते, या घराण्यात अजून कोणीतरी आहे. आणि नैवेद्याचे जेवण? ते बऱ्याचदा तिथेच, थडग्याशेजारी बसून होते.

जेवणानंतर सुतकी चेहऱ्याने घरी परतायचे, असा दंडक नाही. ‘ता-छिंग’, म्हणजे हिरवळ तुडवणे, हा सणाचा तितकाच जुना भाग. पतंग उडवायचे, झोके घ्यायचे, दारावर विलोच्या डहाळ्या खोचायच्या. काही ठिकाणी पतंगाचा दोर मुद्दाम कापतात. त्याच्याबरोबर इडापिडाही जाते, असा समज.

विसाव्या शतकात साम्यवादी राजवटीने या विधींना अंधश्रद्धा ठरवले. पण सण मिटला नाही. १९७६ मध्ये याच सुमारास दिवंगत पंतप्रधान चौ एन-लाय यांच्या स्मरणार्थ बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात लोकांनी पुष्पचक्रांचे ढीग घातले. ते हटवल्यावर ५ एप्रिलला जमाव भडकला. २००८ पासून छिंगमिंगला चीनमध्ये सार्वजनिक सुटी आहे. शहरांत आता दहनानंतर अस्थिकलश भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, तेव्हा कोयत्याचे काम उरत नाही. आगीच्या धास्तीने कागदांऐवजी फुले आणा, असे सरकार सांगते.

यांगत्झीच्या दक्षिणेस या दिवसांत ‘छिंगतुआन’ खातात : चिकट तांदळाच्या पिठात एका सुगंधी रानपाल्याचा रस मळून केलेले हिरवेगार गोळे, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड पुरण. हांगचौजवळचा लोंगजिंग चहा छिंगमिंगच्या आधी खुडलेला असला, तरच अव्वल मानतात. कोंब कोवळे आणि थोडे; सण उलटला की पाने मोठी होतात, भाव उतरतो.