गळा (गायन)

गाणाऱ्या आवाजाचा पल्ला, पोत व तयारी यांसाठी रूढ असलेली संज्ञा, अहिराणी या खानदेशी बोलीत ‘गया’. शरीररचनेच्या दृष्टीने तीत श्वासनलिका, स्वरयंत्र, घसा आणि तोंड-नाकाच्या पोकळ्या येतात.

मंद्र, मध्य व तार (खालचे, मधले व वरचे सप्तक) यांची स्थाने हृदय, कंठ व मूर्धा (डोके) अशी शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त सांगितली. ग्रंथ तेराव्या शतकातला, बहुधा पूर्वार्धातला, देवगिरीच्या यादव दरबारात रचलेला. हे त्रिस्थान मात्र शार्ङ्गदेवाचे नव्हे. उर, कंठ, शिर ही त्रयी ‘नारदीय शिक्षा’ या वेदोच्चारावरील ग्रंथातही आहे, त्या ग्रंथाच्या काळाबद्दल मतभेद असले तरी कल्पनेचे मूळ वेदपठणाच्या उच्चारशास्त्रात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रत्येक स्थानी कल्पिलेल्या 22 नाड्या योगपरंपरेतल्या समजाव्यात. शरीरात तशी रचना सापडत नाही. आवाज तिन्ही सप्तकांत स्वरतंतूंवरच उमटतो, छातीत वा डोक्यात जाणवतो तो कंप. शार्ङ्गदेवाने आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक व मिश्रक असे भेदही केले असून त्यांची सांगड कफ, पित्त, वात यांच्याशी घातली आहे.

स्वरतंतू पुरुषांत साधारण 17 ते 25 मिमी, स्त्रियांत 12.5 ते 17.5 मिमी लांब असतात. ताणले की ते पातळ होतात व स्वर चढतो. चढताना स्नायूंचा ताण एकदम बदलला तर आवाज फाटतो. तंतू पुरते न मिटता हवा निसटली तर तो फुसका लागतो.

खानदेशात कानबाई या देवीची गाणी व डफावरचे वहीगायन हे लोकगायन खुल्या, चढ्या आवाजात होते. स्त्रियांना सोयीची काळी चार किंवा पाच पट्टी (हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी किंवा पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून) पुरुषांना अडचणीची: वरच्या सप्तकात ती झेपत नाही, खालच्या सप्तकात मंद्राचे स्वर विरतात. पुरुषांची नेहमीची पट्टी काळी एकच्या आसपास असते. डफावर मात करायला घसा आवळून गायल्यास तंतू एकमेकांवर आदळतात आणि पुढचा एक-तृतीयांश भाग संपतो तिथे दोन्हीकडे गाठी धरतात. आधी तारस्वर हरवतो, मग आवाज बसतो. अशा वेळी कुजबुजणेही टाळावे, त्यानेही ताण पडू शकतो. घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.