जलक्रीडांमधील ऊन-संरक्षण आणि त्वचेचा कर्करोग

उघड्यावर पोहणे, सर्फिंग, शिडाच्या होड्यांच्या शर्यती, कयाक, स्नॉर्केलिंग अशा खेळांत सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्वचा, ओठ आणि डोळे जपण्यासाठी जे उपाय करतात, त्यांना ऊन-संरक्षण म्हणतात. या खेळांत ऊन तासन्‌तास अंगावर असते, अंग बरेचसे उघडे असते आणि लावलेले सनस्क्रीनचे मलम पाण्याने धुऊन जाते. पण यांहून मोठी अडचण शरीराच्या जाणिवेची आहे. जमिनीवर ऊन चढले की अंग तापते, घाम फुटतो आणि माणूस आपोआप सावली गाठतो. हा ताप दृश्य प्रकाशाचा आणि अवरक्त किरणांचा असतो. अतिनील किरण त्वचेला जाणवतच नाहीत. पाण्यात ही उष्णता वाहून जाते, वाऱ्याने अंग गार राहते, आणि त्वचा मात्र तितकीच भाजत राहते. संध्याकाळी आंघोळीचा पहिला तांब्या खांद्यावर पडला की दिवसभर काय झाले ते कळते. म्हणून पाण्यावर अंगाला काय वाटते यावर विसंबून चालत नाही. घड्याळ आणि कपडा यांवरच विसंबावे लागते.

समुद्रावर आयुष्य काढणाऱ्यांच्या त्वचेकडे वैद्यकाचे लक्ष फार पूर्वी गेले होते. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उन्ना यांनी १८९४ मध्ये खलाशांची जाड, खरबरीत, डागाळलेली त्वचा आणि तिच्यात उद्भवणारा कर्करोग यांचे वर्णन केले. १९२८ मध्ये संशोधक फिंडले यांनी अतिनील प्रकाशाने उंदरांमध्ये त्वचेचा कर्करोग होतो हे प्रयोगाने दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्ये सूर्यकिरणांचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला.

जमिनीपर्यंत पोहोचणाऱ्या अतिनील किरणांपैकी सुमारे ९५ टक्के यूव्हीए, म्हणजे लांब लहरींचे, आणि उरलेले यूव्हीबी, म्हणजे आखूड लहरींचे असतात. प्रमाण थोडे असले तरी त्वचा लाल होते ती मुख्यतः यूव्हीबीमुळे. हे किरण पेशीतील डीएनएच्या साखळीत शेजारशेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटवून टाकतात. पेशी असा सांधा ओळखून तेवढा तुकडा कापते आणि नव्याने जोडते. ही दुरुस्ती किती मोलाची आहे, हे झेरोडर्मा पिगमेंटोझम या आनुवंशिक विकारात दिसते: त्यात हीच यंत्रणा बिघडलेली असते आणि रुग्णांना लहान वयातच त्वचेचे कर्करोग होऊ लागतात. निरोगी माणसातही रोजच्या भाजण्याने काही चुका दुरुस्तीतून निसटतात, वर्षानुवर्षे साठतात आणि कधी पेशीवाढीला आवर घालणाऱ्या पी५३ सारख्या जनुकावरच येतात. रापलेला रंग ही तब्येतीची खूण मानली जाते. प्रत्यक्षात डीएनएला इजा झाल्यावर त्वचेने केलेली ती धडपड असते, आणि तिने मिळणारे संरक्षण अगदी तुटपुंजे असते.

पाण्यावरून परावर्तित होऊन ऊन दुप्पट होते, असा समज आहे. तो बरोबर नाही. शांत पाणी दहा टक्क्यांहूनही कमी अतिनील किरण परत फेकते. कोरडी वाळू सुमारे १५ आणि फेसाळ लाट सुमारे २५ टक्के. खरा फरक मोकळ्या आकाशाचा आहे. पाण्यावर झाड नाही, भिंत नाही; थेट उन्हाबरोबर चहूबाजूंच्या आकाशातून विखुरलेले किरणही अंगावर येतात. पाण्याखाली गेल्यानेही सुटका होत नाही: अर्ध्या मीटर खोलीवर पृष्ठभागावरच्या सुमारे ४० टक्के अतिनील किरण पोहोचतात. पातळ ढगांतून तर ९० टक्क्यांहून अधिक पार होऊ शकतात, त्यामुळे झाकोळलेल्या, वाऱ्याच्या दिवशी भाजून घेणारे पुष्कळ असतात.

कोणता भाग भाजतो, हे खेळाच्या ढबीवर ठरते. सर्फर फळीवर पालथा पडून हात मारतो, म्हणून त्याची मान, पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागची खोबण उन्हाला तोंड देते. स्नॉर्केल लावून तरंगणाऱ्याचा चेहरा पाण्यात आणि पाठ आकाशाकडे असते. रंगीत मासे बघताना तास कसा गेला ते कळत नाही. कयाकमध्ये मांड्या, पावलांचा वरचा भाग आणि वल्हे धरलेल्या हातांच्या पाठी. होडीच्या काठावर बाहेर झुकून बसणाऱ्याला पाण्यावरून येणारे किरण हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूला लागतात, तिथे टोपीचा उपयोग नसतो. खालच्या ओठाकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. त्याला संरक्षण देणारे रंगद्रव्य कमी, वरून खारट पाणी आणि वारा. तो सतत सोलवटत राहतो, त्याची कड पुसट होते, आणि अशा ओठावर होणारा कर्करोग इतर जागांच्या मानाने पसरण्याची शक्यता अधिक असते. डोळ्यात बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा, म्हणजे टेरिजियम, या खेळाडूंत इतका परिचित आहे की त्याला ‘सर्फरचा डोळा’ असेच नाव पडले.

कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. बेसल सेल कर्करोग सर्वांत सामान्य आहे. तो सावकाश वाढतो, क्वचितच पसरतो, पण दुर्लक्ष केल्यास नाक-कान पोखरतो. स्क्वॅमस सेल कर्करोग आयुष्यभराच्या एकूण उन्हाशी जोडलेला आहे. मेलानोमा सर्वांत घातक. त्याचा संबंध विशेषतः लहानपणी आणि अधूनमधून फोड येईपर्यंत भाजण्याशी लागतो. २०२० मध्ये जगभरात मेलानोमाचे सुमारे ३,२५,००० नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ५७,००० मृत्यू झाले. सावळ्या व काळ्या त्वचेत धोका पुष्कळ कमी असतो, हे खरे. पण तळवा, तळपाय किंवा नखाखाली होणारा मेलानोमा उन्हाशी फारसा संबंधित नसतो आणि तो कोणत्याही वर्णात होतो. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यात तोच होता. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

संरक्षणात पहिला मान वेळेला. अतिनील निर्देशांक, म्हणजे त्या वेळच्या अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा अंक, ३ किंवा त्याहून अधिक असेल तर काळजी घ्यावी, ८ च्या पुढे भर दुपारी पाण्यावर जाणेच टाळावे, असे सांगितले जाते. निर्देशांक ठाऊक नसेल तर आपली सावली पाहावी: ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन तीव्र आहे.

त्यानंतर कपडा. तो मलमासारखा धुऊन जात नाही, पुन्हा लावावा लागत नाही आणि त्याचा थर कुठे पातळ पडत नाही. कापडाची क्षमता यूपीएफ या अंकाने सांगतात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडने त्यासाठी १९९६ मध्ये मानक ठरवले. ५०+ म्हणजे जास्तीत जास्त पन्नासावा हिस्सा किरण आत येतात. लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा सदरा, यासाठी सर्वांत सोयीचा. पांढरा सुती टी-शर्ट ओला होऊन अंगाला चिकटला की त्याचे आधीच थोडे असलेले संरक्षण आणखी घटते, आणि वापरून सैल झालेला, विरलेला रॅशगार्डही बदलायला हवा.

सनस्क्रीन उरलेल्या उघड्या जागांसाठी. सनस्क्रीनची क्षमता एसपीएफ या अंकाने सांगतात. एसपीएफ ३० योग्य प्रमाणात लावले तर सुमारे ९७ टक्के आणि ५० लावले तर ९८ टक्के यूव्हीबी अडवते. म्हणजे अंकापेक्षा मात्रा महत्त्वाची. हा अंक प्रत्येक चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजतात, आणि लोक त्याच्या पाव ते निम्मेच लावतात. मोठ्या माणसाच्या सर्वांगाला सुमारे ३५ मिलिलिटर, म्हणजे सात चहाचे चमचे लागते. कोरड्या अंगाला, पाण्यात जाण्याआधी वीसेक मिनिटे लावावे. कानांची वरची कड, केसांतला भांग आणि पावले हमखास राहून जातात. फळी किंवा वल्हे निसटू नये म्हणून तळहात पुसताना हातांच्या पाठीही पुसल्या जातात. कोणतेही सनस्क्रीन ‘वॉटरप्रूफ’ नसते. अमेरिकेत २०११ च्या नियमांनी हा शब्द वेष्टनावर छापण्यास मनाई केली; तिथे पाण्यात ४० किंवा ८० मिनिटे टिकते एवढाच दावा करता येतो. दर दोन तासांनी, आणि टॉवेलने अंग पुसल्यावर लगेच, पुन्हा लावावे लागते. नाक, गालाची हाडे आणि ओठ यांना झिंक ऑक्साइडचा जाड पांढरा थर उत्तम. तो निघाला की दिसतो, हा त्याचा मोठा गुण.

मलमाचा खरोखर उपयोग होतो का, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमधल्या नॅम्बूर या गावी मिळाले. १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ रहिवाशांपैकी निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले गेले, इतरांना मनाला येईल तसे. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी घटले. पुढच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात मेलानोमाही जवळपास निम्मे आढळले. बेसल सेल कर्करोगात मात्र ठळक फरक दिसला नाही.

प्रवाळांना इजा होण्याच्या शंकेवरून काही रसायनांवर बंदी आली आहे: पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री थांबवली. झिंक आणि रॅशगार्ड वापरणाऱ्याला त्याने फारसा फरक पडत नाही. औषधांचीही चौकशी करावी. हिवतापाच्या प्रदेशात लाटांवर जाणारे हिवताप टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन हे औषध घेतात आणि त्याने त्वचा उन्हाला विलक्षण नाजूक होते.

मेलानोमा ओळखताना तिळाचे दोन अर्धे सारखे नसणे, कड वेडीवाकडी असणे, एकाच तिळात अनेक रंग, सहा मिलिमीटरहून मोठा आकार आणि काळानुसार बदल या खुणा पाहतात. पाण्यात खेळणाऱ्यांची चूक बहुधा वेगळीच होते. फळीने घासले, खडकाने खरचटले, मीठ लागले म्हणून भरत नाही, असे समजून जखम महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. साधे खरचटणे दोन-तीन आठवड्यांत भरते. चार आठवडे झाले तरी खपली धरून पुन्हा उघडणारी, टॉवेल लागताच रक्त येणारी जागा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी. पाठ, टाळू आणि पोटऱ्या स्वतःला दिसत नाहीत. तिथे सोबत पोहणाऱ्याने पाहिलेले बरे.