मैफिलींच्या चित्रीकरणातील फिल्म कॅमेऱ्यांची विश्वासार्हता

दोन-तीन तासांचा संगीताचा कार्यक्रम फिल्मवर टिपताना कॅमेरा एकसारख्या गतीने, न अडकता आणि प्रतिमा न बिघडवता कितपत चालतो, याचा विचार या विषयात होतो. कथापटात बिघाड झाल्यास दृश्य पुन्हा घेता येते. गायकाला तीच तान पुन्हा घ्यायला सांगता येत नाही.

पहिली अडचण यंत्राची नसून रिळाच्या लांबीची आहे. ३५ मिमी फिल्मचे १,००० फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने सुमारे ११ मिनिटांत संपते. १६ मिमीचे ४०० फुटांचे रीळही तेवढाच वेळ पुरते. बडा ख्याल त्याहून बराच लांबू शकतो. म्हणून कॅमेरे मागेपुढे सुरू करून, एकाचे मॅगझिन (फिल्मची पेटी) बदलताना दुसरा चालू राहील अशी आखणी करतात. तीही कोलमडते. सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात २५ नोव्हेंबर १९७६ रोजी झालेल्या ‘द बँड’ या वाद्यवृंदाच्या निरोपाच्या कार्यक्रमात दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्याकडे ३५ मिमीचे ७ कॅमेरे होते. तरी ब्लूज गायक मडी वॉटर्स गात असताना छायाचित्रकार लास्लो कोव्हाच यांचा एकच कॅमेरा चालू होता.

१,००० फुटांत १६,००० चौकटी असतात आणि त्यांतील प्रत्येक चौकट गेटसमोर (भिंगामागच्या चौकोनी खिडकीसमोर) ओढून क्षणभर स्थिर धरावी लागते. गेटच्या वरखाली सोडलेला फिल्मचा सैल वळसा लहान झाला, तर कडेची छिद्रे फाटतात, चित्र थरथरते किंवा कॅमेरा जॅम होतो. दोष सहसा यंत्राला दिला जातो. पण अंधारात, घाईघाईने केलेले लोडिंग हेही त्याचे मोठे कारण असते. ध्वनी वेगळ्या यंत्रावर मुद्रित होत असल्याने क्रिस्टल-नियंत्रित (स्फटिकाच्या कंपनांनी गती अचूक राखणारी) मोटर आणि पुरेशी भारित बॅटरी नसेल, तर ओठ व सूर जुळत नाहीत.

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंश सेल्सियस ओलांडतो. मोकळ्या मैदानावरील कार्यक्रमात धुळीचा कण गेटमध्ये अडकला, की संपूर्ण रिळावर उभा ओरखडा उमटतो. कोरड्या हवेत घर्षणाने निर्माण होणाऱ्या स्थिर विजेच्या ठिणग्या फिल्मवर फांद्यांसारख्या खुणा सोडतात. थंड ठेवलेले डबे उघडण्यापूर्वी बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावे लागतात, अन्यथा फिल्मवर दव धरण्याचा धोका असतो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंदिस्त नाट्यगृहात धुळीचा त्रास कमी, पण तंबोऱ्यामागे कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्यावर आवाजरोधक आवरण घालावे लागते आणि आतली उष्णता वाढते. ओरखडा किंवा ठिणगीची खूण फिल्म धुतल्यावरच दिसत असल्याने, मॅगझिन बदलताना दरवेळी गेट तपासणे हाच चित्रीकरणस्थळी करता येण्याजोगा खात्रीचा उपाय आहे.