अंगणवाडीतून पहिलीत: दिव्यांग मुलाची माहिती वाटेत कुठे हरवते?

पहिलीचा हजेरीपट जूनमध्ये तयार होतो, तेव्हा त्यात मुलाचं नाव येतं, जन्मतारीख येते. हे मूल कशाचा आधार घेऊन बसतं, कुठल्या कानाने ऐकतं, लघवीला जायचं असेल तर काय खूण करतं, हे मात्र येत नाही. अंगणवाडीताईंना ते पाठ असतं. पहिलीच्या बाईंना सगळं मुळापासून शोधावं लागतं आणि त्यात दिवाळी उजाडते.

ही फट पन्नास वर्षांपूर्वीची आहे. अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत घेण्याची केंद्राची एकात्म शिक्षण योजना 1974 मध्ये सुरू झाली. ती आधी समाजकल्याण खात्याकडे होती, 1982 मध्ये शिक्षणाकडे आली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव गेली. कल्पना आपल्याकडे त्याआधीच रुजली होती. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत, पुढे कोसबाडला, बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली होती. सरकारी अंगणवाडीचा भर मात्र पूरक आहार, लसीकरण आणि वजनाच्या तक्त्यावर राहिला. वजन चांगलं आहे पण तीन वर्षांचं होऊनही बोलत नाही, असं मूल त्या तक्त्यावर निरोगीच दिसायचं.

पुढे कायदे आले, पण त्यांनी सहा वर्षांवर रेघ मारली. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला तो 6 ते 14 वयासाठी. तीन ते सहाच्या मुलांची सोय सरकार ‘करू शकेल’ एवढंच त्यात आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता प्रवेश देणं बंधनकारक केलं. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र तिथेही 6 ते 18 असाच आहे. म्हणजे उपचाराचा आणि शिकवण्याचा सर्वांत जास्त उपयोग ज्या वयात होतो, तेच वय हक्काच्या बाहेर राहिलं. आमच्या मते मूळ दुखणं हेच आहे.

फेब्रुवारी 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ पालघरला झाला. बोर्डी-कोसबाड आज त्याच जिल्ह्यात आहेत. या कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते, संशयित मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे लहान वयातच निदान आणि उपचार करणाऱ्या जिल्ह्याच्या केंद्राकडे, पाठवतात. घोडं अडतं ते पुढे. तालुक्याहून जिल्ह्याला जायचं म्हणजे एका पालकाची मजुरी बुडते. पहिली फेरी होते, दुसरी राहते. बौद्धिक अक्षमतेचं तर पाच वर्षांखालच्या मुलाला पक्कं प्रमाणपत्र मिळतच नाही. ‘विकासात विलंब’ असं तात्पुरतं मिळतं आणि ते नव्याने करायची वेळ नेमकी शाळाप्रवेशाच्या तोंडावर येते. म्हणून ही कामं जानेवारीतच काढावीत. प्रमाणपत्र नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, पण त्यावर मिळणाऱ्या सवलती अडतात.

साधनांचंही तसंच. शिबिरात कॅलिपरचं, म्हणजे पायाला बांधायच्या आधाराचं, माप घेतात आणि कॅलिपर हातात पडेपर्यंत काही महिने जातात. तेवढ्यात पाय वाढतो, पट्टा काचतो, कातडी लाल होते आणि कॅलिपर माळ्यावर जाऊन पडतो. श्रवणयंत्राचा कानातला साचाही कान वाढला की सैल होतो, शिट्टी वाजू लागते, मूल ते उपसून टाकतं. मूल हट्टी आहे असं समजण्याआधी साचा तपासावा.

बसणं तर सगळ्यांत दुर्लक्षित. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेलं मूल अंगणवाडीत भिंतीच्या कोपऱ्यात टेकून नीट बसतं, दोन्ही हातांनी ठोकळे रचतं. शाळेच्या बाकावर त्याचे पाय लोंबकळतात, धड सावरण्यातच सगळी ताकद जाते आणि पेन्सिल धरवत नाही. मग ‘हाताला वळण नाही’ असा शेरा पडतो. पावलांखाली पाट किंवा लाकडी खोका द्यावा. कंबर, गुडघा आणि घोटा तिन्ही काटकोनात आले की हात मोकळा होतो. शाळेच्या दारातल्या उताराचंही गणित आहे: 1 ला 12, म्हणजे जेवढी उंची त्याच्या बारापट लांबी. दोन पायऱ्या मिळून 30 सेंटीमीटर उंची असेल तर उतार 3.6 मीटर लांब हवा. जागा नाही म्हणून दीड मीटरमध्ये उरकलेल्या उतारावर मूल एकट्याने चाकाची खुर्ची चढवू शकत नाही.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी कार्यपद्धतीही आणली: लक्षणं टिपणं, कुटुंबाला सामावून घेणं, आशाताई आणि आरोग्य पथकामार्फत पुढे पाठवणं. खाती मात्र अजून दोनच आहेत: अंगणवाडी महिला व बालविकासाकडे, शाळा शिक्षणाकडे. महाराष्ट्रात 2022 पासून ‘पहिले पाऊल’ मेळाव्यांत पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाचं विकासपत्र भरतात. त्यालाच एक पान जोडावं: फिटचं औषध किती वाजता, कोणता कान चांगला, संडास-लघवीची खूण, कशाने घाबरतं, कशाने शांत होतं, काय स्वतःच्या हाताने खातं. ताईंनी ते आईला विचारून भरावं आणि पहिलीच्या बाईंच्या हातात द्यावं, कार्यालयाच्या फायलीत नको.